शस्त्रांच्या बाजारातला उपासक

माणूस गेला की त्याच्या कार्यालयाकडून चार ओळींचा शोकसंदेश येतो. त्या चार ओळींत व्यवस्थेला जे सांगायचे असते ते असते, आणि जे सांगायचे नसते तेही त्यातच वाचता येते. आमचे थोरले काका गेल्या वर्षी गेले. सदतीस वर्षे ते विमान आणि संरक्षण सामग्रीच्या उद्योगात होते. त्यातली शेवटची पंचवीस वर्षे मार्केटिंगमध्ये. शेवटच्या कंपनीने जो संदेश पाठवला त्यात तीन विशेषणे होती: कुटुंबवत्सल, मितभाषी, कामसू.

तिन्ही विशेषणे खरी आहेत. पण त्यांनी मिळवलेल्या एकाही ऑर्डरचा त्यात उल्लेख नाही, त्यांनी बसवलेल्या एकाही पद्धतीचा नाही, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या एकाही माणसाचा नाही. वरच्या जातीतला अधिकारी गेला की तो द्रष्टा असतो, धोरणी असतो, उद्योगाचा आधारस्तंभ असतो. आमचा माणूस गेला की तो चांगला बाप असतो. चांगला बाप असणे ही लहान गोष्ट नाही. मात्र सदतीस वर्षांच्या बुद्धीचा हिशेब चुकवायला हा शब्द वापरला जात असेल, तर त्याला हरकत घेतलीच पाहिजे.

हरकत आम्हाला दुसऱ्या बाजूलाही घ्यायची आहे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आपल्याच दोन कार्यकर्त्यांनी मंडपाच्या कडेला उभे राहून दोन गोष्टी बोलून दाखवल्या. एक म्हणाला, "साहेबांनी संसार छान केला, पण चळवळीला काय दिलं?" दुसरा म्हणाला, "बौद्ध म्हणवायचं आणि हत्यारं विकायची, हे कसं काय?" दोन्ही प्रश्न गंभीर आहेत. ते हळू आवाजात विचारून सोडून देण्यापेक्षा उघडपणे तपासावेत, म्हणून हा लेख.

सैन्य, कारखाना आणि आपण

लष्कराशी आपले नाते नवे नाही. बाबासाहेबांचा जन्मच १८९१ मध्ये महूच्या छावणीत झाला. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. त्या काळात लष्करी नोकरीने महार घरांत अक्षर आणले, पेन्शन आणली, आणि गावकामगारीच्या जोखडातून बाहेर पडण्याची वाट दाखवली. म्हणूनच ब्रिटिशांनी १८९० च्या दशकात महारांची भरती थांबवली तेव्हा पहिला आवाज उठला तो याच प्रश्नावर. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी केला. भरतीसाठीचा तो अर्ज म्हणजे पोट, शिक्षण आणि मान या तिन्हींचा अर्ज होता. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले.

सैन्यापाठोपाठ आले कारखाने. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, भंडारा, भद्रावती, अंबाझरी. महाराष्ट्रात दारूगोळा आणि शस्त्रसामग्रीच्या कारखान्यांची व डेपोंची जी साखळी आहे, तिच्या शेजारी आपल्या वस्त्या आहेत. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दारूगोळ्याच्या डेपोने ओळखल्या जाणाऱ्या गावात बुद्ध आला, ही विसंगती त्या कामगारांना वाटली नाही. का वाटली नाही, याकडे पुढे येऊ. नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना आला आणि एक नवे दार उघडले. विमानाच्या कारखान्यात फिटर, टर्नर, इन्स्पेक्टर म्हणून आपली मुले लागली ती कोणाच्या ओळखीने नव्हे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये अनुसूचित जातींसाठी सरकारी नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. पुढे घटनेच्या कलम १६(४) ने त्याला पाया दिला. काका १९७९ मध्ये डिप्लोमा घेऊन एका सरकारी कारखान्यात लागले ते त्या पायावर.

हे काम असते तरी काय?

संरक्षण सामग्रीचे मार्केटिंग म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर बोफोर्स येते. १९८६ चा करार, १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने फोडलेली दलालीची बातमी. दलाल, सूटकेस, पंचतारांकित हॉटेल. असे लोक असतातच. १९७६ मध्ये अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीच्या लाचेपायी जपानचे माजी पंतप्रधान तनाका यांना अटक झाली होती. पण या धंद्याचा रोजचा गाडा ओढणारे लोक वेगळे असतात. त्यांचे काम कंटाळवाणे, किचकट आणि विलक्षण चिकाटीचे असते.

यात गिऱ्हाईक एकच: सरकार. आधी सैन्याकडून माहितीची विचारणा येते. मग गरज मंजूर व्हावी लागते. मग निविदा निघते, शेकडो पानांची. तांत्रिक लिफाफा वेगळा, किमतीचा लिफाफा वेगळा. तांत्रिक कागदात एक रकाना चुकला तर किमतीचा लिफाफा उघडतच नाही. त्यानंतर चाचण्या. मे महिन्यात राजस्थानच्या वाळवंटात, थंडीत लेहला, आणि त्याही कंपनीने आपल्या खर्चाने करायच्या. मग सर्वांत कमी किंमत कोणाची ते ठरते, त्याच्याशी वाटाघाटी होतात. पहिल्या पत्रापासून शेवटच्या सहीपर्यंत दहा वर्षे गेली तरी या क्षेत्रात कोणाला नवल वाटत नाही. २००२ पासून या सगळ्याची कार्यपद्धती पुस्तकात बांधली गेली आणि ते पुस्तक पुन्हा पुन्हा बदलत गेले. काकांना ते तोंडपाठ असायचे.

ते १९९१ मध्ये तपासणी विभागातून मार्केटिंगला आले. त्याच वर्षी सोव्हिएत संघ कोसळला आणि रशियन बनावटीच्या विमानांच्या सुट्या भागांची साखळी तुटली. जो भाग एका कारखान्यातून यायचा, तो कारखाना आता दुसऱ्याच देशात होता. कोणता भाग देशात बनवता येईल, कोणाकडून, किती दिवसांत, याच्या याद्या करणे हे त्यांचे पहिले काम. विकणे म्हणजे माल देऊन मोकळे होणे नाही, असे ते सांगायचे. याचा पुरावा सगळ्या जगाने पाहिला आहे. एक्वादोरला भारताने सात ध्रुव हेलिकॉप्टरे विकली, त्यातली चार कोसळली आणि २०१५ मध्ये त्या देशाने करार मोडला. विक्रीनंतरची देखभाल, सुटे भाग, तक्रारीला दिलेले उत्तर यांवर देशाचे नाव टिकते किंवा बुडते, आणि त्या कागदांवर रात्री जागणारा माणूस फोटोत कुठेच नसतो.

आडनाव आणि विश्वास

मार्केटिंगचे खरे भांडवल विश्वास असते. आणि या देशात विश्वास जातीप्रमाणे वाटलेला आहे.

हेही बाबासाहेबांपासूनच बघू. १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडन पाहिलेला हा माणूस बडोद्याच्या नोकरीत गेला, तेव्हा त्याला राहायला खोली मिळाली नाही. पारशी खानावळीत खरी ओळख कळताच लाठ्या घेऊन माणसे दारात आली. पुढे मुंबईत त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइके यायची थांबली. सल्ल्यात काही खोट होती का? नव्हती. सल्ला देणाऱ्याच्या जातीत त्यांना खोट दिसली. जगातल्या मोजक्या अर्थतज्ज्ञांपैकी एकाचे दुकान या कारणाने बंद पडले, हे ज्याला समजले त्याला खासगी क्षेत्रातली 'गुणवत्ता' समजावून सांगावी लागत नाही.

काकांचे आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर' असलेले. त्यामुळे पहिल्या भेटीत समोरच्याला अंदाज येत नसे. मग प्रश्न सुरू व्हायचे: गाव कुठले, कुलदैवत कोणते, घरी गणपती दीड दिवसांचा की पाच? मेसमधल्या जेवणात ग्लास नाकारला की, "काय हो, माळकरी का?" ते शांतपणे सांगायचे, "बौद्ध आहे. पाचवे शील पाळतो." त्यांच्या टेबलावर बुद्धाची लहानशी मूर्ती असायची. येणाऱ्यांना ती शोभेची वस्तू वाटायची. हे उत्तर ऐकल्यावर तिच्याकडे बघण्याची नजर बदलायची. काहींचा आदर वाढायचा, हेही सांगायला हवे. बऱ्याच जणांचे पुढचे फोन मात्र दुसऱ्याच अधिकाऱ्याकडे जायचे.

सरकारी कारखान्यात निदान पदोन्नतीची यादी भिंतीवर लागायची आणि रोस्टर तपासता यायचे. २००८ मध्ये, दोन मुलींच्या शिक्षणासाठी, त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि एका खासगी कंपनीत गेले. तिथे निविदा तेच लिहायचे, आकडे तेच जुळवायचे, आणि सादरीकरणाला दुसरा कोणी जायचा. कारण विचारल्यावर उत्तर मिळाले की तुमचे काम पाठीमागचे आहे, समोर जायला वेगळे व्यक्तिमत्त्व लागते. व्यक्तिमत्त्व हा शब्द नीट ऐका. जात उच्चारायची नसेल तेव्हा तो वापरतात.

याला एका माणसाची तक्रार समजू नका. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता वरच्या जातीच्या अर्जाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली. २०१२ मध्ये देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुढारलेल्या जातींचे संचालक नव्वद टक्क्यांहून अधिक होते, अनुसूचित जाती-जमातींचे मिळून साडेतीन टक्के. संरक्षण उद्योगात याला आणखी एक पदर आहे. खासगी कंपन्या मार्केटिंगच्या वरच्या जागांवर सैन्यातले निवृत्त अधिकारी घेतात, कारण त्यांची ओळख असते. सैन्याच्या अधिकारी भरतीत आरक्षण नाही, खासगी कंपनीत आरक्षण नाही. म्हणजे गाळणी दोनदा लागते, आणि त्यातून जे उतरते त्याला 'नैसर्गिक निवड' म्हटले जाते.

कुटुंब म्हणजे कोण?

आता पहिला प्रश्न. चळवळीला काय दिले?

काका मोर्चात दिसले नाहीत, हे खरे आहे. महिन्यातले पंधरा दिवस दिल्ली-बंगळुरूत. एसटीडीचा दर रात्री उतरला की बूथवरून घरी फोन यायचा, आणि त्यात मुलींच्या पाढ्यांपासून आजीच्या गोळ्यांपर्यंत सगळे तीन मिनिटांत विचारून व्हायचे. यालाच कंपनीने कुटुंबवत्सलता म्हटले. पण त्यांचे कुटुंब चार जणांचे कधीच नव्हते. आम्हा चार पुतण्यांची फी त्यांच्या पगारातून गेली. गावातल्या दोन पोरांचा आयटीआयचा खर्च त्यांनी उचलला. घरी टीव्ही शेजाऱ्यांनंतर सात वर्षांनी आला. काकूने शिवणयंत्र चालवले ते हौसेखातर नव्हे. तिच्या त्या मिळकतीमुळेच काकांचा पगार आमच्यापर्यंत पोहोचू शकला. तिचे नाव तर कुठल्याच संदेशात येणार नाही.

सिगालोवाद सुत्तात बुद्धाने गृहस्थाला दिशांना नमस्कार करण्याचा खरा अर्थ सांगितला आहे: पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्यासाठी राबणारे, वरची म्हणजे श्रमण. धम्मातले कुटुंब असे सहा दिशांचे असते. भांडवली कंपनीला मात्र 'कुटुंबवत्सल' माणूस आवडतो तो वेगळ्या कारणासाठी: त्याच्या डोक्यावर हप्ते असतात, तो संघटना करत नाही, अपमान गिळतो.

शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवली, अशी वेदना बाबासाहेबांनी १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत व्यक्त केली होती. ती प्रत्येक शिकलेल्याला लागू करून पाहिलीच पाहिजे. काकांनाही. आमचे उत्तर असे: पैसा आणि वेळ त्यांनी दिला, ज्ञान द्यायचे राहिले. निविदा कशी वाचायची, सरकार खरेदी कसे करते, हे त्यांच्या डोक्यात होते आणि ते त्यांच्याबरोबर गेले. तो दोष एकट्या त्यांचा नाही. आपल्या संघटनांनी अशा माणसाला वर्गणीसाठी बोलावले, स्टेजवर खुर्ची दिली, पण वस्तीतल्या डिप्लोमाच्या पोरांसमोर दोन तास बसवून शिकवायला कधी सांगितले? आपण आपल्या नोकरदारांकडे पाकीट म्हणून पाहतो. ते आपले विद्यापीठ होऊ शकतात.

सम्यक आजीविकेचा प्रश्न

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे आणि त्यातून पळवाट काढू नये. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यादीत पहिला शस्त्रांचाच आहे.

पण त्याच बरोबर 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिंह सेनापतीचा प्रसंगही घेतला आहे. अहिंसा मानायची तर सेनापतीने राज्याचे रक्षण करायचे की नाही, असा त्याचा प्रश्न. शांततेचे सगळे उपाय संपल्यावर न्यायासाठी लढणाऱ्याला बुद्ध दोषी मानत नाही, असे उत्तर तिथे आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेब फरक करतात. देहूरोडच्या कामगारांना विसंगती वाटली नाही ती यामुळे. प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठी पगारावर राबणे वेगळे, आणि युद्ध वाढले की आपला नफा वाढतो अशा जागी बसणे वेगळे. निषेध आहे तो व्यापाराचा, ज्यात कोणाच्या तरी मरणात आपला फायदा गुंतलेला असतो.

काकांनी ही रेघ आपल्यापुरती ओढली होती. खासगी कंपनीत त्यांना दारूगोळ्याच्या निर्यातीचे काम देऊ केले, त्यात विक्रीवर बोनस होता. त्यांनी ते घेतले नाही. सुटे भाग, आग ओळखणारी यंत्रणा, वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची, एवढेच त्यांनी सांभाळले. "पोरगा विमानातून जिवंत उतरला पाहिजे, एवढं मी विकतो," असे ते म्हणायचे. कोणी म्हणेल की त्याच विमानातून बॉम्बही पडतो. पडतो. म्हणून ही रेघ पूर्ण उत्तर आहे असा आमचा दावा नाही. पण बोनस सोडून रेघ ओढणारा माणूस धम्म जगत होता, आणि मंडपाच्या कडेला उभे राहून प्रश्न टाकणे त्याहून सोपे होते.

हा प्रश्न आता एका काकांचा उरलेला नाही. २००१ मध्ये संरक्षण उत्पादन खासगी भांडवलाला खुले झाले. २०२० मध्ये परकीय गुंतवणुकीची थेट मर्यादा ७४ टक्के झाली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी एकेचाळीस आयुध कारखान्यांचे मंडळ मोडून सात कंपन्या केल्या गेल्या. त्यातल्या एकीचे मुख्यालय पुण्यात, एकीचे नागपुरात. संरक्षण निर्यात २०२३-२४ मध्ये एकवीस हजार कोटींच्या वर गेली आणि तो अभिमानाचा आकडा म्हणून सांगितला जातो. देशाच्या रक्षणासाठी बनवलेली वस्तू जगाच्या बाजारात विकायची वस्तू होत चालली आहे. त्या वाढत्या नफ्यात आपण कुठे आहोत? नव्या कंपन्यांत ठरावीक मुदतीच्या नेमणुका निघतात. आणि २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आठ कामगार गेले. धोका कारखान्याच्या शेडमध्ये राहतो, नफा बोर्डरूममध्ये.

मग आपण काय करायचे?

एक, कायद्याची भाषा शिका. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्र सरकारी खात्यांनी आणि कंपन्यांनी आपली ठरावीक खरेदी लघुउद्योगांकडून करायची आहे, आता ती २५ टक्के आहे, आणि त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. पण शस्त्रप्रणाली, क्षेपणास्त्रे यांसारखी सामग्री या धोरणाच्या बाहेर ठेवली आहे. म्हणजे जिथे सर्वांत मोठा पैसा, तिथेच आपल्याला दार नाही. सुटे भाग, कापड, पेट्या, केबल यांची खरेदी मात्र होतेच. तिथे ४ टक्के भरतात का, हे माहिती अधिकारात विचारा. आणि मोठ्या करारांतल्या सुट्या भागांपर्यंत हे धोरण नेण्याची मागणी करा.

दोन, सरकारी पैशावर चालणाऱ्या खासगी संरक्षण कंपन्यांत आरक्षण मागा. ज्या कंपनीचे एकमेव मोठे गिऱ्हाईक सरकार आहे, तिला 'खासगी' म्हणून सवलत कशाबद्दल? निदान वरच्या जागांवर कोणत्या समाजाचे किती लोक आहेत हे जाहीर करण्याची अट निविदेत घाला, ही मागणी तर आजच करता येते.

तीन, आपल्या निवृत्त फिटर, इन्स्पेक्टर, निविदा लिहिणाऱ्या काकामामांना विहारात बोलावा. वंदना झाली की एक तास त्यांना द्या आणि पोरांना वही घेऊन बसवा.

चार, सम्यक आजीविकेवर उघड चर्चा करा. कोणते काम करावे, कुठे रेघ ओढावी, हे एकेकट्या नोकरदाराने रात्री जागून ठरवायचे आणि समाजाने नंतर न्याय द्यायचा, ही पद्धत बंद झाली पाहिजे. संघ म्हणजे हा प्रश्न मिळून सोडवणारी माणसे.

आमची माणसे कुटुंबवत्सल आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. ती बुद्धिमानही होती, हे लिहिण्याची जबाबदारी कंपन्यांवर सोडू नका. ते आपण लिहू.

जय भीम. नमो बुद्धाय.